आफ्रिका आणि युरोपातले तरुण, शिक्षणाची मागणी आणि विकासातला वाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांशी गप्पा मारताना आपण बहुतेक वेळा त्यांच्या देशातल्या अडचणी विचारतो. त्यांना बोलायचं असतं वेगळंच: शाळेत असताना काढलेला मोर्चा, फी-वाढीविरुद्धची मोहीम, गावातल्या मुलींना पुन्हा वर्गात आणण्याची खटपट. त्या कामाबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे तरुण नेमकं मागतात तरी काय?

मुख्य मागण्या दोन. प्रत्येक मुलामुलीला फी न भरता धड शिकवणारी शाळा मिळावी, ही पहिली. देशाच्या विकासाचे निर्णय होतात तिथे तरुणांना बसायला जागा आणि मत असावं, ही दुसरी. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शाळा कशी असावी हे ठरवणाऱ्या बैठकीत शाळेतून नुकतं बाहेर पडलेलं कोणीच नसेल, तर गळक्या छपराची आणि बंद पडलेल्या संडासाची गोष्ट तिथे निघतच नाही.

पण आफ्रिका आणि युरोप हीच जोडी का?

आफ्रिकेचं मध्यक वय सुमारे १९ वर्षं आहे. म्हणजे निम्मा खंड त्याहून लहान. युरोपीय संघात हेच वय ४४ च्या पुढे गेलंय. मध्ये भूमध्य समुद्र, आणि मागे वसाहतींचा मोठा इतिहास. आफ्रिकेतल्या कित्येक शाळांत आजही इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमधून शिकवतात ते त्याच इतिहासामुळे. शिक्षणासाठी बाहेरून येणाऱ्या मदतीतही युरोपचा वाटा मोठा आहे.

सरकारं २००० सालापासून एकत्र बसतायत. पहिली शिखर परिषद कैरोत झाली. २००७ मध्ये लिस्बनला दोन्ही खंडांचं संयुक्त धोरण ठरलं आणि त्याच सुमारास तिथे दोन्हीकडच्या युवा संघटनांचंही संमेलन भरलं.

'तरुण' म्हणजे किती वयाचे?

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४. आफ्रिकन युवा सनदेत १५ ते ३५. सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९. त्यामुळे आकड्यांची तुलना करताना आधी वयोगट बघावा.

तरुणांना विचारणं सरकारवर बंधनकारक आहे का?

आफ्रिकेत बऱ्याच देशांवर आहे. गांबियाची राजधानी बांजुल इथे जुलै २००६ मध्ये आफ्रिकन युवा सनद मंजूर झाली आणि ऑगस्ट २००९ मध्ये लागू झाली. तिचं ११ वं कलम तरुणांच्या सहभागाबद्दल, १२ वं राष्ट्रीय युवा धोरणाबद्दल आणि १३ वं शिक्षण व कौशल्यांबद्दल आहे. सही करून पुढे मान्यता देणाऱ्या देशाला हे पाळावं लागतं. आमच्या मते या सनदेची खरी किंमत अशी, की कार्यकर्त्याला मंत्र्यापुढे विनंती घेऊन जावं लागत नाही, तुम्ही कबूल केलेलं कलम दाखवतो असं म्हणता येतं.

युरोपची वाट निराळी. स्ट्रासबर्गच्या 'युरोप परिषदे'त (ही ४६ देशांची संस्था, युरोपीय संघापेक्षा वेगळी) १९७० च्या दशकापासून सहव्यवस्थापनाची पद्धत आहे. युवा कार्यक्रम कोणते घ्यायचे आणि पैसा कुठे घालायचा, हे सरकारी अधिकारी आणि युवा संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवतात. नुसता सल्ला आणि प्रत्यक्ष निर्णय यांतला फरक समजायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. याच परिषदेचं लिस्बनमधलं उत्तर-दक्षिण केंद्र २००० पासून स्पेनमधल्या मोलिना गावी युवा आणि विकास या विषयावर दरवर्षी 'विद्यापीठ' नावाचा मेळावा भरवत आलंय. त्याला आफ्रिकी आणि युरोपीय संघटना एकत्र येतात, शेजारी शेजारी राहतात, भांडतात आणि मसुदे लिहितात.

२०१७ च्या अबिदजान परिषदेचं नाव सारखं ऐकू येतं. तिथे काय झालं?

आयव्हरी कोस्टमधल्या अबिदजान शहरात २९ आणि ३० नोव्हेंबर २०१७ ला आफ्रिकन संघ आणि युरोपीय संघाचे नेते जमले. परिषदेचा विषयच तरुणांमधली गुंतवणूक हा होता. त्याआधी ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात दोन्ही खंडांच्या तरुणांचं संमेलन झालं. शिवाय आफ्रिका, युरोप आणि परदेशस्थ आफ्रिकी समाजातल्या ३६ तरुणांच्या गटाने शिक्षण व कौशल्यं, रोजगार, शांतता, हवामान, राजकीय सहभाग अशा विषयांवर प्रस्ताव तयार करून नेत्यांपुढे ठेवले. २०१८ मध्ये ते प्रस्ताव प्रकल्पांत उतरवण्यासाठी युवा सहकार्य केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी ट्युनिशियाची आया चेब्बी आफ्रिकन संघाची पहिली युवा दूत झाली. तिच्यानंतर २०२१ मध्ये झिम्बाब्वेची चिदो म्पेम्बा आली.

यातलं केंद्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाहीरनामे पूर्वीही झाले होते. लिहिणाऱ्याच तरुणांच्या हाती पुढची अंमलबजावणी द्यायची, ही गोष्ट नवी होती.

परिषदांनी शाळा सुधारते का?

एकट्या परिषदेने नाही. सुधारते कशी, ते दक्षिण आफ्रिकेत बघायला मिळतं. ही हकिगत जरा सविस्तर सांगतो.

केपटाउनच्या कडेला खायेलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. तिथे २००८ मध्ये 'इक्वल एज्युकेशन' ही संघटना उभी राहिली. तिचे मुख्य सदस्य शाळेतली मुलंमुलीच. ते स्वतःला 'इक्वलायझर' म्हणवतात. कामाची सुरुवात कुठल्या राष्ट्रीय धोरणापासून झाली नाही. लुहलाझा नावाच्या माध्यमिक शाळेत सुमारे ५०० तावदानं फुटलेली होती आणि वर्षानुवर्षं तशीच होती. केपटाउनचा हिवाळा ओला आणि वाऱ्याचा. मुलं वर्गात कुडकुडत बसायची. मुलांनी फोटो काढले, सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला. शेवटी सरकारने तावदानं बसवली.

मग प्रश्न आला की बाकीच्या शाळांचं काय. शाळेच्या इमारतीत किमान काय असलंच पाहिजे, याचे कायदेशीर निकष देशात नव्हते. मुलांनी त्यासाठी काही वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, कोर्टात गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये निकष जाहीर झाले. माती, लाकूड, पत्रा किंवा अॅस्बेस्टॉसच्या शाळा तीन वर्षांत बदलायच्या. पाणी, वीज, संडास अजिबात नाहीत तिथे तेवढ्याच मुदतीत द्यायचे. पण सरकारने एक पळवाट ठेवली होती: इतर खात्यांनी साथ दिली आणि निधी मिळाला, तरच हे करू. संघटना पुन्हा कोर्टात गेली. जुलै २०१८ मध्ये बिशो इथल्या उच्च न्यायालयाने ती पळवाट घटनाबाह्य ठरवली. त्याच काळात खड्ड्याच्या संडासात पडून लहान मुलं दगावली होती. २०१४ मध्ये लिम्पोपो प्रांतात पाच वर्षांचा एक मुलगा असाच गेला. त्यामुळे मुलांच्या लेखी तो निकाल जिवाचा होता.

तावदानांपासून निघून ही मुलं दहा वर्षांत कोर्टाच्या निकालापर्यंत पोहोचली. प्रत्येक टप्प्यावर मागणी इतकी नेमकी होती, की ती पुरी झाली की नाही हे कोणीही शाळेत जाऊन डोळ्यांनी पाहू शकत होतं.

मुलींच्या शिक्षणासाठी काय झालं?

बरंच, आणि बहुतेक ठिकाणी कोर्टामार्फत.

सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत शाळा बंद राहिल्या आणि लैंगिक अत्याचार वाढले. शाळा पुन्हा उघडताना, २०१५ मध्ये, सरकारने दिवस गेलेल्या मुलींना वर्गात बसायला आणि परीक्षा द्यायला बंदी केली. अत्याचार सोसलेल्या मुलीलाच शाळेबाहेर काढण्याचा हा प्रकार होता. देशातल्या महिला आणि बालहक्क संघटना, त्यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय संघटना, पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि मार्च २०२० मध्ये बंदी उठली.

टांझानियाची रेबेका ग्युमी तरुण वकील. १९७१ च्या विवाह कायद्यात मुलीचं लग्न पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी, आणि कोर्टाच्या परवानगीने १४ व्या वर्षीही करता येत होतं. मुलाला मात्र १८ ची अट होती. ग्युमीने त्याविरुद्ध खटला भरला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली. सरकार अपिलात गेलं, तिथेही २०१९ मध्ये तिचीच बाजू टिकली. लग्नाचं वय हा शिक्षणाचा प्रश्न कसा, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दहावीच्या आधी लग्न झालेल्या मुली आपल्याही नात्यात असतात.

झिम्बाब्वेत जानेवारी २०१६ मध्ये घटना न्यायालयाने १८ च्या आतली लग्नं बेकायदा ठरवली, तो खटलाही लहान वयात लग्न झालेल्या दोन तरुणींनीच भरला होता.

तरुण निवडणुकीला उभे राहू शकतात का?

नायजेरियात २०१८ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदासाठी वयाची अट ४० होती, प्रतिनिधिगृह आणि राज्यांच्या विधानसभांसाठी ३०. देशातली निम्मी माणसं विशीच्याही आतली. 'नॉट टू यंग टू रन', म्हणजे उभं राहायला आम्ही लहान नाही, अशी मोहीम तरुणांनी चालवली. घटनादुरुस्तीसाठी देशाच्या संसदेबरोबर किमान २४ राज्यांची मंजुरी लागत होती. म्हणून राज्याराज्यांत जाऊन आमदारांच्या मागे लागावं लागलं. ३१ मे २०१८ ला सही झाली. राष्ट्राध्यक्षपदाची अट ३५ वर आणि त्या दोन्ही सभागृहांची २५ वर आली. अर्ज भरायचा आणि प्रचार करायचा खर्च कायद्याने कमी होत नाही. ती अडचण अजून तशीच आहे.

युरोपात मागणी मतदानाच्या वयाची आहे. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ वर आणलं, माल्टाने २०१८ मध्ये. २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनी आणि बेल्जियममधल्या १६ वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिलं.

युरोपातल्या तरुणांचं यात काम काय?

नॉर्वेचं उदाहरण आम्हाला मनापासून आवडतं. तिथले शाळकरी विद्यार्थी १९६४ पासून 'ऑपरेशन डागस्व्हेर्क' चालवतात. शब्दशः अर्थ 'एका दिवसाचं काम'. शरद ऋतूत एक दिवस मुलं शाळेऐवजी कामाला जातात: कोणी दुकानात, कोणी शेजाऱ्याची बाग साफ करायला. मिळालेली मजुरी आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या तरुणांच्या शिक्षणाला जाते. पैसा कोणत्या प्रकल्पाला द्यायचा, हे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीच मतदानाने ठरवतात. कामाच्या दिवसाआधीचे दिवस प्रकल्पाच्या देशाबद्दल वाचण्यात, चर्चा करण्यात जातात. आपल्या श्रमदानाशी याचं नातं लगेच जुळतं.

पण दुसरं काम जास्त गरजेचं आहे, आणि ते कमी दिसतं. ते म्हणजे स्वतःच्या सरकारला जाब विचारणं. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. २०२४ मध्ये ते पाळणारे देश चारच: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली मदत २०२७ पासून ०.३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. परदेशी विद्यार्थ्यांवर युरोपातल्याच विद्यापीठांत होणारा खर्चसुद्धा 'मदत' म्हणून मोजायला नियमांत मुभा आहे. जर्मनी आणि फ्रान्स तो मोठ्या प्रमाणात मोजतात. म्हणजे शिक्षणाच्या मदतीतला बराच पैसा मालीच्या किंवा मलावीच्या खेड्यातल्या शाळेपर्यंत जातच नाही. हा हिशोब आपल्या खासदारापुढे ठेवायचं काम युरोपातला मतदारच करू शकतो.

युरोपीय तरुणांनी आफ्रिकेत जाऊन महिनाभर शाळेत शिकवावं का?

आमचं स्पष्ट मत, शक्यतो नको. भाषा येत नाही, अभ्यासक्रम माहीत नाही, आणि महिन्याभरात मुलांना लळा लावून निघून जायचं. तिथे शिकवणारी माणसं आहेत. कमी आहे ती त्यांच्या पगाराची तरतूद. विमानाच्या तिकिटाचा पैसा स्थानिक संघटनेला दिला तर तो जास्त काम करेल. झिम्बाब्वेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'कॅमफेड' या मुलींना शिकवणाऱ्या संस्थेच्या मदतीने शिकलेल्या मुलींनी १९९८ मध्ये स्वतःचं मंडळ काढलं. आता त्याच तरुणी आपापल्या भागातल्या शाळांत मार्गदर्शक म्हणून जातात आणि शाळा सोडायच्या बेतात असलेल्या मुलींना थोपवतात. त्या मुलींच्या घरची परिस्थिती त्यांनी स्वतः जगलेली असते.

दोन्ही बाजूंना सारखाच मान मिळतो का?

नाही. जानेवारी २०२० मध्ये जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी दावोसला युगांडाची हवामान-कार्यकर्ती व्हॅनेसा नाकाते हिने चार युरोपीय तरुण कार्यकर्त्यांसोबत पत्रकार परिषद घेतली. ग्रेटा थुनबर्ग त्यांत होती. एका वृत्तसंस्थेने छापायला दिलेल्या फोटोत चौघी होत्या, नाकाते कापलेली होती. तिने त्याबद्दल रडत रडत, पण ठामपणे विचारलं, आणि संस्थेला माफी मागावी लागली. नाकातेचं एक काम शिक्षणाशी थेट जोडलेलं आहे: २०१९ पासून ती युगांडातल्या शाळांवर सौर पॅनेल आणि स्वयंपाकघरात कमी लाकूड खाणाऱ्या चुली बसवते.

दुसरी अडचण व्हिसाची. ब्रसेल्सच्या बैठकीचं आमंत्रण येतं, पण व्हिसासाठी बँकेचा तपशील, नोकरीचा दाखला, परतीची हमी लागते. बावीस वर्षांच्या बेरोजगार कार्यकर्त्याने ते कुठून आणायचं? जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचं) शुल्क ९० युरो झालंय आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. युरोपीय तरुण नैरोबीला सहज पोहोचतो, नैरोबीचा तरुण ब्रसेल्सला पोहोचेलच असं नाही. बैठका आफ्रिकेत घ्या, निदान आळीपाळीने घ्या, ही मागणी इथूनच येते.

शिक्षणाची परिस्थिती खरंच इतकी वाईट आहे का?

युनेस्कोच्या २०२२ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ९ कोटी ८० लाख मुलं आणि तरुण शाळेबाहेर होते. जागतिक बँकेच्या हिशोबाने तिथल्या दर दहापैकी सुमारे नऊ मुलांना दहाव्या वर्षी साधा उतारा वाचून समजत नाही. फी माफ करून पट वाढला, हेही तितकंच खरं: मलावी १९९४, युगांडा १९९७, केनिया २००३, सिएरा लिओन २०१८. वर्गात मुलं आली. शिक्षक आणि पुस्तकं त्या वेगाने आली नाहीत.

पैशाबाबत जगाने २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन इथे ठरवलेलं माप आहे: सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणावर. तरुण संघटना अंदाजपत्रक निघालं की हा आकडा आधी शोधतात. अनेक देश आज शिक्षणापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त खर्च करतात, म्हणून कर्जमाफी हाही आता शिक्षणाच्या मोहिमेचाच भाग झाला आहे.

१६ जून हा दिवस का पाळतात?

१६ जून १९७६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वर्णद्वेषी सरकारने काळ्या मुलांच्या शाळांत गणितासारखे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवायची सक्ती केली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, मुलं मेली. १९९१ पासून हा दिवस आफ्रिकी बालकाचा दिवस म्हणून पाळला जातो. कोणत्या भाषेत शिकायचं, हे शिकणाऱ्याला न विचारता ठरवलं की काय होतं, त्याची आठवण या तारखेत आहे.

तरुणांना बोलावलंय ते खरं की फोटोपुरतं, हे कसं ओळखायचं?

रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर, सजावट आणि नावापुरती हजेरी, यांना तो सहभाग मानतच नाही. आम्ही आमच्यापुरते काही साधे प्रश्न विचारतो. विषयपत्रिका तरुणांना किती दिवस आधी मिळाली? मसुद्यात त्यांच्यामुळे एक तरी ओळ बदलली का? प्रवासखर्च आधी दिला की नंतर परत करणार? पुढच्या बैठकीत मागच्या मागणीचा हिशोब दिला का? सांस्कृतिक कार्यक्रमात नाचायला बोलावलेले तरुण आणि मसुदा समितीत बसलेले तरुण यांतला फरक या उत्तरांत कळतो.

मग रस्त्यावर उतरणाऱ्या तरुणांचं काय?

बैठकीत दाद लागत नाही तेव्हा ते होतं. जून २०२४ मध्ये केनियात करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण उठले. त्यांनी आधी ते विधेयक स्थानिक भाषांत उतरवलं, छोट्या व्हिडिओंत कलमाकलमाने समजावलं, मग मोर्चे काढले. अनेकांचे जीव गेले. २६ जूनला राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत 'जेन झी २१२' नावाने तरुण एकत्र आले (२१२ हा देशाचा फोन-संकेतांक). २०३० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी स्टेडियम उभी राहतायत, मग शाळा आणि दवाखाने का नाहीत, हा त्यांचा सवाल होता. सरकारला दोन्हींची तरतूद वाढवण्याची घोषणा करावी लागली.

महाराष्ट्रात बसून मला काय करता येईल?

दोन गोष्टी सुचतात. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. खायेलित्शाच्या मुलांसारखी आपल्या शाळेतली तुटकी दारं, बंद नळ, कुलूप लागलेले संडास मोजून, फोटोसकट ती यादी समितीपुढे ठेवता येते.

दुसरी गोष्ट ओळखीची. पुण्यात सुदान, केनिया, टांझानिया, नायजेरियाचे विद्यार्थी राहतात आणि बहुतेकांशी आपलं बोलणं दुकानाच्या काउंटरपलीकडे जात नाही. कॉलेजच्या मंडळात त्यांना बोलवा, आणि पाहुणा म्हणून पाच मिनिटं देण्यापेक्षा सबंध संध्याकाळ द्या. शाळेत असताना त्यांनी पहिली मागणी कोणती केली, कोणाकडे केली आणि ती पुरी झाली का, एवढं विचारून गप्प बसा.